नूतनच्या खोल्यांवर मृणालचं नाव

मृणालच्या गच्चीवरची ती वायफायची पांढरी ताटली दिसली की नूतनच्या पोटात दुखायचं. बोलायची पद्धत म्हणून नव्हे, खरोखर दुखायचं.

दिवेआगरच्या एकाच वाडीत दोघी जावांची दोन होमस्टे. वाटण्यांत रस्त्याकडचं मोठं घर धाकटीला, मृणालला, गेलं. समुद्राच्या अंगाची मोकळी जागा थोरलीला, नूतनला, मिळाली. तिने तिथे खोल्या बांधल्या. मधे सुपारीची बाग. मृणालकडे वायफाय होतं, नूतनकडे वारा होता. आणि शहरातली माणसं वारा खायला येतात ही निव्वळ थाप आहे. ती चपला काढायच्या आधी पासवर्ड विचारतात आणि नाही म्हटलं की बॅगा उचलून मृणालकडे जातात. नूतन वेगळी जोडणी घ्यायला तयार होती, पण कंपनीची वायर रस्त्यावरच्या शेवटच्या खांबापुढे यायला तयार नव्हती.

तोडगा काढला तो मृणालने. न मागता. तिथेच घोळ झाला.

"ताई, एक ताटली आमच्या गच्चीवर, दुसरी तुमच्या पत्र्यावर, समोरासमोर तोंड करून. मधे वायरच नको. आमचंच वायफाय तुमच्याकडे येईल."

बोर्लीहून कमलेश ताटल्या लावायला आला. गच्चीवर उभा राहून म्हणाला, "हा माड बरोबर मधे येतोय. तोडून टाका."

तो माड मृणालच्या जमिनीत, पण नूतनचा. वादळाने वाडी आडवी केली तेव्हा तिनेच लावलेला. वाटण्यांच्या वेळी सासूने, आवडाबाईने, सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "जमीन धाकलीची, माड थोरलीचा. पानी कुनी घातलं, मला म्हाईत हाय." वाडीत जमिनीची वाटणी वेगळी, झाडांची वेगळी, त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

"तोडायचा नाही," मृणाल कमलेशला म्हणाली. "आड येतात तेवढ्या झावळ्या काढू. त्याही ताईंना विचारून."

बाई वाईट असती तर किती सोपं झालं असतं, नूतनच्या मनात आलं. तिने मान हलवली. वाडीतल्या माडांवर चढणाऱ्या धाकूने झावळ्या उतरवल्या आणि नूतनच्या ओटीवर वायफाय आलं.

दुसऱ्याच शनिवारी पुण्याचा एक पाहुणा लॅपटॉपवरून डोकं न काढता म्हणाला, "मृणाल मॅडम, चहा मिळेल का?"

"मी नूतन."

"अच्छा. नाही, वायफायवर 'मृणाल होमस्टे' आहे ना, म्हणून."

नूतनने त्याच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. खरंच होतं. कमलेशने तिकडचं नाव इकडे जसंच्या तसं चढवलं होतं. तिच्या खोल्या, तिच्या चादरी, तिने घासलेली मोरी, आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात नाव मृणालचं. चहात तिने आलं इतकं ठेचलं की पाहुण्याला ठसका लागला.

पुढच्या खेपेला धाकू कोयता घेऊन आला. झावळ्या पुन्हा खाली वाकल्या होत्या.

"हात लावायचा नाही," नूतन म्हणाली.

"अहो वयनी, तुमचंच बंद पडंल."

"माड माझा आहे."

"माड तुमचाच हाय. डोकं कुनाचं फिरलंय ते बघा." तो कोयता कमरेला लावून हसत निघून गेला.

त्याच दिवशी दुपारचा खारा वारा सुटला, झावळ्या हलायला लागल्या आणि वायफाय येत-जात राहिलं. त्या दिवशी उतरलेल्या पाहुण्याची मीटिंग तुटली, जोडली, पुन्हा तुटली. त्याने लॅपटॉप बगलेत मारला आणि बागेतून सरळ मृणालच्या पडवीत जाऊन बसला. नूतन खिडकीतून बघत राहिली. तिनेच घडवून आणलेलं, आणि जळतही तीच होती.

जेवायच्या वेळी पाहुणा परत आला. "त्या म्हणाल्या, जेवायला ताईंकडेच जा. तुमच्यासारखी आमटी त्यांना जमत नाही म्हणे."

मग मात्र नूतनने हात पुसले आणि तरातरा बाग ओलांडली. आज सोक्षमोक्षच लावायचा.

मृणाल पडवीत कोकमं वाळत घालत होती.

"माझ्या खोल्यांना तुझं नाव कशाला?" नूतनने उभ्या उभ्याच विचारलं.

"कुठे?"

"वायफायला. लोक मला मृणाल म्हणतात. माझ्या घरात."

मृणालने लाल झालेले हात पदराला पुसले आणि फोन काढला. "आधी नाही का सांगायचं, ताई? माझं लक्षच गेलं नाही. काय लिहू? नूतन होमस्टे?"

नूतनने वाटेत जुळवलेलं सगळं भांडण वाया गेलं. "लिही," ती म्हणाली. मग काहीतरी उरलंच पाहिजे म्हणून म्हणाली, "आणि पासवर्ड मी ठेवणार. तुला सांगणार नाही."

"नका सांगू," मृणाल म्हणाली आणि फोन तिच्या हातात दिला.

पासवर्ड टाकून नूतन पायरी उतरली. स्वतःच्या फोनवर पाहिलं तर दोन्ही नावं होती. वर मृणाल, खाली नूतन; ज्याचा जोर जास्त ते वर. ती फोन धरून बागेतून चालत राहिली. पुन्हा पाहिलं, वर मृणाल. सुपाऱ्या मागे पडल्या. तरी वर मृणाल. माडापाशी पोचली तेव्हा नावं जागच्या जागी हलली आणि नूतन वर आली.

तिथून ती पुढे जाईना. कुंपणापलीकडे धाकू दुसऱ्या कुणाच्या माडाला दोर बांधत होता.

"धाकू, इकडे ये. झावळ्या काढ."

"आता काढू? मघाशी न्हाय म्हनालात."

"आता काढ," ती फोनवरच्या आपल्या नावाकडे बघत म्हणाली. "माझ्या बाजूच्या जास्त काढ."