राक्षस बोलावल्यावर आला

माझ्या नणंदेच्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, एक यंत्र बसवलंय. बिस्किटाएवढं. त्याची वायर मानेतल्या नसेपर्यंत जाते आणि दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट त्या नसेला विजेचे हलके झटके देते. का, तर फिट कमी याव्यात म्हणून. मानेतल्या नसेला गुदगुल्या केल्या की मेंदू शांत कसा होतो, हे मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. "पुरतं आम्हालाही कळलेलं नाही," म्हणाले. घ्या!

त्या अर्ध्या मिनिटात तिचा आवाज घोगरा होतो. आधी तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग माझ्या लेकीला, चिऊला, गोष्ट सांगताना तिनं नामी युक्ती काढली. आवाज बसला की राक्षस बोलणार! राक्षसाला उशीर झाला तर राजकन्या बिचारी उगाच वेण्या घालत बसते.

पण खरं सांगते, दोघींना मी घरात एकटं सोडत नव्हते. एकदा चिऊ कडेवर असताना नणंदेला फिट आली होती, तेव्हापासून माझा जीव टांगणीला. फिट येतेयसं वाटलं तर मनगटावरचं लोहचुंबक यंत्रावरून फिरवायचं, म्हणजे जादा झटका मिळतो. तिला ते वेळेवर कधी जमलंच नव्हतं.

"वहिनी, तू जा ना भाजीला, मी आहे," ती म्हणायची.

"भाजी कुठे पळून जातेय?" मी म्हणायचे. तिचं तोंड एवढंसं व्हायचं आणि मला माझाच राग यायचा.

काल मी भांडी घासत होते. बाहेर राक्षस गुरगुरून गेला. पातेलं विसळतेय तोच पुन्हा राक्षस! पाच मिनिटं व्हायच्या आत? ओल्या हातांनीच धावले.

नणंद जमिनीवर बसली होती. चिऊला तिनं आपल्यापासून लांब, गादीवर बसवलं होतं.

"जळका वास आला, फिटच्या आधी येतो तो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "म्हणून चुंबक फिरवलं."

मी श्वास रोखून बघत राहिले. हळूहळू तिचा आवाज तिचा झाला. फिट आली नाही.

"आई, आज आत्यानं राक्षसाला बोलावलं आणि तो आला!" चिऊ टाळ्या पिटत म्हणाली.

मी हात पुसले आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"कुठे निघालीस?" नणंदेनं विचारलं.

"भाजी संपलीय. चिऊकडे बघ जरा."

ती फ्रिजकडे बघतच राहिली. फ्रिज भाजीनं गच्च भरलेला होता. सकाळी तिनंच तर निवडून ठेवली होती.