अखंड चालू कॉम्प्युटर

सेवा केंद्राच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. लासूर स्टेशनची निम्मी बाजारपेठ केंद्र चालवणाऱ्या सत्यभामाबाईच्या कॉम्प्युटरचा चमत्कार बघायला लोटली होती. सप्ताहाला आलेल्या कीर्तनकार सुदर्शन महाराजांनी आधी अर्जाचा प्रोग्राम उघडायला लावला. नेहमीसारखं गोल चक्र फिरत राहिलं, मागचे लोक जांभया द्यायला लागले. शेवटी अर्ज उघडला, तेव्हा महाराजांनी प्रोग्राम बंद करायला लावला, कॉम्प्युटरला भस्म लावलं, टाळ वाजवून नामस्मरण केलं आणि म्हणाले, आता उघडा. बटण दाबायचा अवकाश, अर्ज समोर हजर. मी हात जोडले.

"यंत्रातही नारायणच बसलाय," महाराज म्हणाले. "फक्त सप्ताह संपेस्तोवर हे बंद करू नका. अखंड ज्योत समजा."

सप्ताहाला त्यांना मीच आग्रहानं बोलावलं होतं. त्यांच्या कीर्तनात माझे डोळे कधी कोरडे राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. आली तेव्हा कॉम्प्युटर पुन्हा गोगलगाय. संध्याकाळी महाराजांनी अभंग मध्येच थांबवला. ज्या खुर्चीवर भाव नाही तिथं देव टिकत नाही, असं म्हणाले. मांडवातल्या माना सत्यभामाबाईकडे वळल्या. तिचं घर त्या केंद्रावरच चालायचं. गाळा देवस्थानचा, म्हणून सकाळी अध्यक्ष कारभारीआप्पा महाराजांना आणि मला घेऊनच किल्ली मागायला आले. महाराजांचा शिष्य आता केंद्र चालवणार होता.

"म्या काय केलं, आप्पा?" एवढंच ती म्हणाली.

हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या प्रेरणा मॅडम दाखल्यासाठी आल्या होत्या. किल्ली जरा थांबून घ्या, म्हणाल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, प्रोग्राम उघडला. चक्र फिरत बसलं, बऱ्याच वेळानं अर्ज उघडला. मग फक्त प्रोग्राम बंद केला.

"आता भस्म नाय, टाळ नाय. आप्पा, तुम्हीच उघडा."

आप्पांनी भीतभीत बटण दाबलं. अर्ज लगेच समोर.

मॅडमनी समजावलं. पोथी माळ्यावरच्या पेटीत असली की पहिल्यांदा काढायला वेळ लागतो. वाचून ती चौरंगावरच राहू दिली, तर पुन्हा हात घातला की मिळते. कॉम्प्युटरही एकदा काढलेल्या फायली हाताशी, मेमरीत ठेवतो. त्यालाच कॅश म्हणतात. वीज गेली की चौरंग रिकामा, पुन्हा माळ्यावर चढा. बाईचा चौरंगच लहान आहे, म्हणून एरवीही पोथी माळ्यावर परत जाते. मेमरी वाढवली की काम पळेल.

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, मॅडम," महाराज म्हणाले.

"श्रद्धेची नाय घेतली, महाराज. कॉम्प्युटरची घेतली."

मला राहवलं नाही. "महाराज, बंद करू नका, असं तुम्ही का सांगितलं होतं?"

त्यांनी उपरणं सारखं केलं. "लोकांचा भाव वाढावा म्हणून."

"आन् या बाईचं काय?" मी विचारलं.

ज्या आवाजानं मला देव जवळचा केला होता, त्याच आवाजानं एका निरपराध बाईची चूल विझवायला काढली होती, आणि कॉम्प्युटर बंद पडला की चमत्कार मावळतो, हे महाराजांना आधीच ठाऊक होतं. आप्पांनी खाली मान घालून किल्ली सत्यभामाबाईच्या टेबलावर ठेवली.

कीर्तन मी ऐकणारच. नामावर माझा विश्वास आहे. पण कुणी चमत्कार दाखवला, तर तोच प्रकार भस्माशिवाय करून बघा. आणि चमत्कार फसल्यावर कुणा गरिबाकडे बोट गेलं, तर आधी ते बोट कुणाचं आहे ते बघा.