एकनाथ पेंटरच्या दोन ओळी

सॅन्टन एका जहाजाच्या इंजिनावर कामाला होता, तेव्हा एकदा त्याचं जहाज दुरुस्तीसाठी जपानच्या कोबे बंदरात तीन महिने अडकलं. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे तो दर रविवारी शाईची चित्रं शिकायला जायचा. निवृत्त होऊन निर्मळ या आपल्या गावी आल्यावर त्याने तो नाद पुन्हा धरला. काळी शाई, एक डोंगर, थोडं धुकं, कोपऱ्यात बोटभर झोपडी.

गेल्या डिसेंबरात त्याने गच्चीवरून दिसणारा तुंगारेश्वरचा डोंगर लांबट कागदावर काढला. वरचा भाग कोरा ठेवला आणि एकनाथला बोलावलं.

एकनाथ त्याचा शाळेतला दोस्त. चाळीस वर्षं त्याने निर्मळपासून अर्नाळ्यापर्यंत दुकानांच्या पाट्या आणि होड्यांची नावं रंगवली. फ्लेक्स आले आणि काम गेलं, पण ब्रश अजून धुऊनपुसून डब्यात ठेवलेले.

"इथे लिही," सॅन्टन कोऱ्या जागेवर बोट ठेवत म्हणाला. "जपानात पूर्वी शिकलेली माणसं अशी चित्रं मित्रांसाठी काढायची. एकाने डोंगर काढायचा, दुसऱ्याने वर दोन ओळी लिहायच्या. मग मागे कापड चिकटवून भिंतीवर टांगायचं."

"मजकूर दे. आत्ता लिहितो."

"मजकूर तुझाच पाहिजे."

 एकनाथने आजवर जे लिहिलं ते लोकांनी सांगितलेलं. "उद्या येतो," म्हणून गेला, तो आठ दिवस फिरकलाच नाही.

शेवटी सॅन्टनची बायको कार्मिन केळ्यांची फणी घेऊन त्याच्याकडे गेली. खोलीभर वर्तमानपत्रं पसरली होती. प्रत्येकावर दोन-तीन शब्द आणि पुढे काट.

"एकनाथभाऊ, रुसलात का आमच्यावर?"

"नाही वहिनी. दुसऱ्याचं नाव लिहिताना हात कधी अडला नाही. स्वतःचं लिहायला बसलो, की काहीच सुचत नाही."

"ह्यांच्याशी तासन् तास काय बोलता मग? तेच लिहा."

दुसऱ्या दिवशी एकनाथ आला. चहा प्यायला, बराच वेळ डोंगराकडे बघत बसला. मग ब्रश शाईत बुडवून एका दमात लिहिलं: "सॅन्टनच्या गच्चीवर चहा घेतला. आज डोंगर जवळ वाटला." खाली बारीक अक्षरात सही केली, एकनाथ पेंटर, निर्मळ. आणि पाट्यांवर नंबर टाकायच्या हाताच्या सवयीने पुढे मोबाईल नंबरचे चार आकडेही उमटले.

"अरे देवा! नासवलं मी तुझं चित्र!" त्याचा चेहरा पार उतरला.

सॅन्टन इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "पुरा कर आता. अर्धा नंबर बरा दिसत नाही."

एकनाथने उरलेले सहा आकडे लिहिले, तेही सुबक. कार्मिनने आपली जुनी निळी साडी कापली, तांदळाची खळ शिजवली आणि कागद त्या कापडावर चिकटवला. वरखाली काठ्या बसवल्या. वाळल्यावर चित्र दिवाणखान्यात टांगलं. सॅन्टन म्हणे एकनाथने न्यावं, एकनाथ म्हणे डोंगर तुझा, तू ठेव.

"सहा महिने इथे, सहा महिने तिथे," कार्मिनने निकाल दिला. "गुंडाळता येतं ना?"

एकनाथने मान डोलावली. डबा बंद करता करता थांबला आणि हळूच विचारलं, "सॅन्टन, अजून कागद आहे का रे? आता सुचायला लागलंय."