सभेपुरतं ऊन

ढगोबांना खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, आजवर तशी वेळच आली नव्हती. वाहिनीवर हवामान सांगणाऱ्या माणसाला खोटं बोलून मिळणार काय? बाकीच्यांनी नेत्यांबद्दल हवं ते बोलावं आणि ढगोबांनी ढगांबद्दल बोलावं, अशी त्या इमारतीत वर्षानुवर्षांची वाटणी होती. त्यामुळे शहरात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांचं ऐकून लोक कपडे वाळत घालत, सहली ठरवत, आणि खाडीतल्या लाँचवाल्यांचं तर त्यांच्यावाचून पान हलत नसे. ढगोबांचा थोरला भाऊ, दादा, त्याच लाँचवाल्यांपैकी एक.

सभेच्या दिवशी सकाळीच ढगोबांना साहेबांचं बोलावणं आलं. साहेब म्हणजे मालक. वाहिनी त्यांची, शहरातली दोन्ही वर्तमानपत्रं त्यांची, आणि निवडणुकीला उभा असलेला उमेदवारही, खरं सांगायचं तर, त्यांचाच. संध्याकाळी खाडीपलीकडच्या मैदानावर त्याची शेवटची सभा होती. माणसं लाँचमधून पलीकडे न्यायची होती. वेधशाळेने नेमका दुपारनंतर वादळी वाऱ्याचा इशारा दिला होता, पण तो छापणार कोण? दोन्ही पेपरांत त्या जागी उमेदवाराचा हसरा फोटो होता.

साहेबांनी आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नाहीत, त्या कामाला त्यांनी माणसं ठेवली आहेत. त्यांनी चहा मागवला, ढगोबांच्या टायचं कौतुक केलं आणि विचारलं, वादळ येणार हे शंभर टक्के नक्की का? ढगोबा म्हणाले, आभाळातलं शंभर टक्के काहीच नसतं, सत्तर धरा.

"म्हणजे तीस टक्के येणारच नाही," साहेब म्हणाले. "मग ते तीस टक्के सांगा की. मी कुठे खोटं बोला म्हणतोय?"

संपाची बातमी वाचताना एक वाक्य पदरचं घालणारा निवेदक तळघरात जुन्या टेपांवर चिठ्ठ्या चिकटवत बसलेला ढगोबांनी रोज पाहिला होता. त्यांनी चहा संपवला. जिना उतरताना मनाची समजूत घातली, की दादाची लाँच रंगकामासाठी किनाऱ्यावर ओढून ठेवली आहे, तो काही पाण्यात जाणार नाही. दुसऱ्यांचेही भाऊ लाँच चालवतात, हा विचार त्यांना शिवला नाही. भित्रा माणूस आपल्यापुरतं छप्पर बघतो, आणि ढगोबा भित्रेच होते.

सकाळच्या बातम्यांत ते म्हणाले, आकाश निरभ्र राहील, वाऱ्याची काळजी नको, बिनधास्त बाहेर पडा. कॅमेरामनने खूण केली म्हणून वर हसलेसुद्धा.

दुपारी दादाचा फोन आला तेव्हा ढगोबा जिन्यात उभे होते. पक्षाच्या माणसांनी धक्क्यावरच्या झाडून सगळ्या लाँच ठरवल्या होत्या. दादाची अर्धवट रंगलेली लाँचही त्यांनी पाण्यात लोटली होती. दादा आधी नाही म्हणाला होता, पण मग त्याने टीव्ही पाहिला. माणसं भरली होती, उभं राहायलासुद्धा जागा नव्हती. पण पश्चिमेचा रंग त्याला काही बरा दिसत नव्हता.

ढगोबा म्हणाले, "दादा, जाऊ नकोस. मी खोटं बोललो."

दादाने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "पक्षाची माणसं छातीवर उभी आहेत. बंदराचा अधिकारीसुद्धा टीव्ही बघूनच धक्का उघडा ठेवतो. तू तिथे सांग. तू सांगितलंस की तो धक्का बंद करेल आणि मी सुटेन. तोवर थोपवून धरतो."

ढगोबांना आयुष्यात पहिल्यांदाच कशाचंही भय वाटेना. तळघर तर तळघर. दुपारच्या बातम्यांना ते कॅमेऱ्यापुढे उभे राहिले, लाल दिवा लागला, आणि त्यांनी सगळं सांगितलं. वादळ येतंय. सकाळी मी चुकीचं सांगितलं. खाडीत लाँच घालू नका, माणसं उतरवा. आवाज जरासुद्धा कापला नाही. लाल दिवा विझेपर्यंत कुणी त्यांना अडवलंही नाही, आणि एवढ्या सहज सुटलो याचंच त्यांना नवल वाटलं.

बाहेर वृत्तसंपादक बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. रागावलेल्या मुळीच दिसत नव्हत्या.

"जिन्यात आवाज फार घुमतो," त्या म्हणाल्या. "तुमची नोकरी वाचवली मी. घरी जा आणि शांत झोपा."

त्यांच्या मागच्या पडद्यावर वाहिनी चालू होती. पडद्यावर ढगोबा होते, सकाळचे, हसणारे. आकाश निरभ्र राहील, असं सांगत होते. कोपऱ्यात 'थेट' असं लिहिलेलं होतं.

ढगोबांनी दादाला फोन लावला. ते रेकॉर्डिंग आहे, त्या माणसांना सांग, त्यांना फोन दे, मीच सांगतो, असं ते एका दमात बोलले. दादाने मुकाट्याने फोन दुसऱ्याच्या हाती दिला. ढगोबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आपण कोण, कुठून बोलतोय, वारा किती सुटणार आहे. पलीकडच्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, हवामानवाले इथे समोर टीव्हीवर बोलतायत," तो म्हणाला. "आम्ही सगळे बघतोय. तुम्ही कोण?"

"तो मीच आहे," ढगोबा म्हणाले.

तो माणूस हसला. दादाचा आवाज आला, तो काहीतरी समजावून सांगत होता, मग कुणीतरी त्याला चल म्हणालं. धक्क्यावरच्या टीव्हीतून ढगोबांना फोनमध्ये स्वतःचाच आवाज स्वच्छ ऐकू आला, बिनधास्त बाहेर पडा. मग लाँचचं इंजिन सुरू झालं.