तिसरा बॉल

"श्यामला, अगं, काय चाललंय तुझं इथे?"

स्टोअररूमच्या दारात अलका उभी होती, हातात मायक्रोवेव्हमधून काढलेला डबा. आणि आत श्यामला! गुडघ्यांत लाकडी पकड, पकडीत पांढरा बेसबॉल, दोन्ही हातांत एकेक सुई आणि दोन्ही हात दोन दिशांना ताणलेले. आता लपवणार काय, कपाळ? मेण लावलेला लाल दोरा दर टाक्याला असा हात पसरूनच ओढावा लागतो. हे काम चोरून करायची सोयच नाही.

नॉटिंगहॅमच्या त्या छोट्या कारखान्यात दोघी एकोणीस वर्षं शेजारी बसून बॉल शिवत आल्या होत्या. एका बॉलला एकशे आठ टाके, सगळे हाताने. मशीनला अजून हे जमत नाही, याचा दोघींना भारी तोरा. गेल्या वर्षी श्यामलाचा खांदा धरला आणि मालक हॉबसनने तिला तपासणीला बसवलं. सैल टाक्याचा बॉल दिसला की टोपलीत टाकायचा. एका आठवड्यात एखादीचे तीन बॉल टोपलीत गेले, की तिची शिवणीची खुर्ची गेली.

अलकाचे दोन गेले होते. बोटं सुजत होती बिचारीची. आज शुक्रवार, आणि नेमका आजच तिसरा श्यामलाच्या हाताला लागला. बॉलच्या ट्रेला चिकटवलेलं नाव वाचायची गरजच नव्हती. अलकाचा टाका ती नुसत्या अंगठ्याने ओळखायची. लंचमध्ये तिने शेवटचे वीस टाके उसवले आणि खांद्याच्या कळा सोसत पुन्हा घालायला बसली.

"माझा आहे ना तो?" अलकाने विचारलं.

"अगं, दोन मिनिटांचं काम. हॉबसनला कुठे कळतंय!"

"मला कळतंय ना! तू शिवायचंस आणि मी मिरवायचं? आण इकडे."

श्यामलाला रडूच फुटलं. "खुर्ची जाईल ना गं तुझी!"

"जाऊ दे. तुझी गेली तेव्हा तू मेलीस का?"

अलकाने अर्धवट बॉल उचलला आणि तडक हॉबसनच्या टेबलावर नेऊन ठेवला. "मिस्टर हॉबसन, थर्ड वन. माइन." हॉबसन बघतच राहिला. ती मात्र परत येऊन डबा उघडून बसली. "डोळे पूस आणि जेव. वांगं गार होतंय."

सोमवारी अलका पॅकिंगला आली, श्यामलाच्या शेजारच्याच टेबलावर. श्यामलाने पास केलेला बॉल पुसायचा आणि खोक्यात घालायचा, एवढंच काम. श्यामलाला तिच्याकडे बघवेना. दहाच्या सुमाराला अलकाने एक बॉल परत तिच्यापुढे सरकवला.

"हा तू पास केलास?"

श्यामलाने चाचपून पाहिलं. दोन टाके खरंच सैल होते.

"चुकलंच गं माझं," ती म्हणाली, आणि बॉल टोपलीत टाकताना तिला इतकं बरं वाटलं की हसूच आलं.

"हसतेस काय? नीट बघ जरा," अलकाने दटावलं आणि पुढचा बॉल घेतला. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण खोक्यात घालण्याआधी ती प्रत्येक बॉलच्या शिवणीवरून आपला सुजलेला अंगठा सावकाश फिरवत होती.