डासाचं तोंड

आरोग्य खात्याच्या प्रचाराच्या खोलीत ताई कागदाचा लगदा मळत होती. डेंग्यूवरच्या बाहुलीखेळाला नवा डास हवा होता. जुन्याचं नाक शाळेतल्या पोरांनी मोडलं होतं. आई गेल्यापासून ताई कुणाशी फारसं बोलत नव्हती. बोटं मात्र चालत होती, आणि काय करायचंय ते बोटांना पक्कं ठाऊक होतं.

तापाने फणफणलेल्या आईला तिने याच खात्याच्या दवाखान्यात नेलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी मोबाइलमधून मान वर केली नव्हती. "या वयात असं व्हायचंच. घरी न्या, पाणी पाजा." निघताना आईने त्यांना नमस्कार केला होता. तो नमस्कार ताई अजून विसरली नव्हती.

डासाला तिने मध्ये जुळलेल्या भुवया दिल्या. नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा. खालचा ओठ जरा पुढे, कंटाळलेला. खोकी उचलायला आलेले ड्रायव्हरकाका बघतच राहिले.

"ताई, हा ओळखीचा वाटतो."

"डास सगळ्यांच्याच ओळखीचा असतो, काका."

"मला अजून नोकरी करायचीय हो."

"तुम्ही गाडी चालवा. डास मी चालवते."

खेळ धो धो चालला. डास आला की पोरं चपला फेकायची. गल्लोगल्ली चष्मा घसरवून एकमेकांना चावायची. पडद्यामागे ताई ओठ मिटून बसायची. तिला एकच हवं होतं: त्या डॉक्टरने हे बघावं आणि स्वतःला ओळखावं.

मोठे डॉक्टर एकदा आले, पहिल्या रांगेत बसले आणि सगळ्यांत मोठ्याने हसले.

"झकास केलाय. एकदम नालायक दिसतो," ते म्हणाले. "गावातल्या प्रत्येक वॉर्डाला असा एक द्या."

ड्रायव्हरकाका खोकत बाहेर गेले. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने सगळ्या वॉर्डांसाठी डास केले, एकाहून एक कुरूप.

मग एका सकाळी ती पत्रकं ठेवायला दवाखान्यात गेली. दारात एक बाई तापलेल्या लेकीला आत ओढत होती, आणि पोरगी चौकट सोडत नव्हती.

"आत डास बसलाय. तो चावतो."

"कालही अशीच परत नेली," बाई रडकुंडीला आली होती. "जाऊ दे. घरीच पाणी पाजते."

आईला डॉक्टरने परत पाठवलं होतं. या पोरीला ती स्वतः परत पाठवत होती. तिने पोरीला उचललं, सरळ आत नेलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर, मोबाइलच्या पुढ्यात बसवलं.

"हिला तपासा."

"रांगेतून या."

"रांगेत उभी राहायला ती घाबरते. तुम्हाला. खेळातला डास तुम्ही आहात."

डॉक्टरांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच थांबला. चेहरा हळूहळू उतरला.

"का पण?"

"माझ्या आईला तुम्ही न बघता घरी पाठवलंत. ती गेली. पण ते नंतर. आधी हिचा हात हातात घ्या."

त्यांनी घेतला. दंडावर बारीक लाल ठिपके होते. त्यांनी नर्सला हाक मारली, खाट मागवली, सलाइन मागवलं. पोरगी झोपल्यावर ते कोरड्या आवाजात म्हणाले, "मी तुमची तक्रार करू शकतो."

"करा. सगळ्या गावाला चेहरा कसा ओळखू आला, तेही सांगा."

त्यांची मान खाली गेलेली तिने पुरेपूर बघून घेतली. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली नाही.

बाहेर येऊन तिने ड्रायव्हरकाकांना गाडी काढायला सांगितलं.

"सगळे डास गोळा करायचेत. भुवया खरवडते, चष्मे काढते. पोरं दवाखान्यात यायला हवीत."

"म्हणजे माफ केलंत?"

"छे. एक तसाच ठेवा. तो त्यांच्या घरी पोचवा."