फॉर्म नऊचा खालचा भाग

संगीतशास्त्रात डॉक्टरेट करायची तर काय काय लागतं, ते विभागाच्या दाराशी काचेच्या चौकटीत लावलेलं आहे. सहा वर्षांत मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. प्रवेशपरीक्षा. आपल्या भाषेखेरीज दोन भाषा, त्याही जुनी हस्तलिखितं वाचता येतील इतक्या. श्रवणपरीक्षा, म्हणजे बंद खोलीत बसवून चाळीस तुकडे ऐकवतात आणि वाद्य कुठलं, काळ कुठला, ते झरझर लिहायचं. दोन छापील लेख. दर सहा महिन्यांनी मार्गदर्शकाची सही. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरात, ‘ज्ञानात मूळ भर’. ही भर आणायची कुठून, ते लिहायला मात्र सगळे सोयीस्करपणे विसरलेत.

माझी भर घरातच होती. माझ्या मावशीने एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चौतीस वर्षं चादरी दुमडल्या. चादर दोघींनी दुमडायची असते. चार कोपरे चार हातांत, ताण द्यायचा, एकमेकींकडे चालत जायचं, कोपरे सोपवायचे, परत मागे. यंत्रांच्या धडधडाटात ‘धर’, ‘सोड’ ऐकू येत नाही, म्हणून त्या बायका गायच्या. आठ मात्रांत एक चादर. पुढे दुमडणारं यंत्रही आलं आणि गाणी थांबली. एकेचाळीस गाणी एकट्या मावशीच्या डोक्यात राहिली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मावशीनेच मला वाढवलं, याच गाण्यांवर निजवलं. त्यात संशोधन दडलंय हे समजायला मला पस्तिशी उजाडली.

मावशीला सगळ्याची गंमत वाटायची. मी शाळेत गाणं शिकवते, ते तिला समजत होतं. डॉक्टरेट काही केल्या समजेना. “डॉक्टर होणार म्हणे, आणि घरात कुणाला शिंक आली तर हिच्या तोंडचं पाणी पळतं,” असं शेजारणीला सांगायची. पण दर रविवारी सकाळी रेकॉर्डरसमोर ताठ बसून गायची. एखादी ओळ चुकली की स्वतःवरच चिडून पुन्हा पहिल्यापासून.

बेचाळिसावं गाणं तिने मला दिलं नाही. ते मी घेतलं.

तिच्या जोडीची बाई, जी चौतीस वर्षं चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, ती वारल्याचा निरोप एका रविवारी आला. मी फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेले होते. मावशीला निरोप सांगून मी फोन कानाला लावूनच स्वयंपाकघरात शिरले, फोनवरचं बोलणं आवरलं, परत आले तर मावशी दोरीवरची चादर एकटीच दुमडत होती. दुसरं टोक तिने खुर्चीच्या पाठीला अडकवलं होतं. आणि ती गात होती, ओठांतल्या ओठांत. मी कधीच न ऐकलेलं काहीतरी. सात मात्रा आणि एक रिकामी. त्या रिकाम्या मात्रेला तिचे हातही थांबत होते.

रेकॉर्डर सुरूच होता. मी तो बंद केला नाही.

आमच्या मार्गदर्शकांना मुलं मंद्रसर म्हणतात, कारण ते कधी खालच्या पट्टीतून वर येत नाहीत. त्यांच्या खोलीच्या भिंतींना जाड कापड लावलेलं आहे. दार लागलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही आणि आपलाच आवंढा आपल्याला मोठा वाटतो. त्यांनी डोळे मिटून ते गाणं तीनदा ऐकलं.

“हे कुठलं?”

मला तरी कुठे पुरतं ठाऊक होतं? मी मावशीला आडून आडून विचारलं होतं. वॉर्डात कुणी गेलं की त्याची चादर वेगळ्या टोपलीत यायची, ती दुमडताना बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि एक वेगळं गाणं म्हणायचं, एवढं तिने सांगितलं होतं. मी ते सरांना सांगितलं.

“बाई,” सर म्हणाले, “बाकीची एकेचाळीस गाणी चांगलं संकलन आहे. प्रबंध हा आहे. पाचवं प्रकरण यावर लिहा.”

मी लिहिलं. नव्वद पानं. लिहिताना इतकं सुख मला आयुष्यात कशाने झालं नव्हतं, खोटं कशाला बोलू? मावशीची परवानगी काय, शेवटी घेता येईल. घरचंच तर माणूस. आमच्या धंद्यात हीच चूक होते. परक्याच्या दारात आम्ही चार चार कागद घेऊन उभे राहतो आणि घरच्यांना गृहीत धरतो.

फॉर्म नऊ म्हणजे गायिकेची संमती. प्रत्येक गाण्याला एक. मावशी चष्मा लावून बसली, प्रत्येक गाण्याची पहिली ओळ गुणगुणली आणि एकेचाळीस सह्या केल्या. मी बेचाळिसावा फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला होता. तिने तो वाचला, पेनाला टोपण लावलं.

“हे तुझ्याकडे कुठून आलं?”

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“ते तिच्यासाठी होतं,” ती म्हणाली. “ज्याच्यासाठी म्हटलं त्याच्याबरोबर ते जातं. ते काढून टाक, बाळ.”

“पण मावशी, त्याच्याशिवाय प्रबंध उभा राहत नाही. सहा वर्षं पाण्यात जातील.”

“मग उभा कर दुसऱ्या कशावर तरी. मी सही करणार नाही.”

तिचा ‘नाही’ मला लहानपणापासून ठाऊक आहे. तिथे भल्याभल्यांनी हात टेकलेत. मुदत संपायला पाच आठवडे उरले होते. तीस तारखेला संध्याकाळी पाचला प्रबंध घेणारी कार्यालयाची खिडकी बंद, आणि मुदतवाढ मी आधीच दोनदा घेऊन बसले होते.

मी सरांसमोर रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग टेबलावरचा फॉर्म नऊ माझ्याकडे फिरवला आणि त्याच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. ‘गायिका हयात नसल्यास वारसाचे स्वयंघोषणापत्र.’

“त्यांना दुसरं कुणी आहे?”

“नाही. मीच.”

“वय?”

“अठ्ठ्याहत्तर.”

ते पुढे काही बोलले नाहीत. खरंच काही बोलले नाहीत. बोट मात्र त्यांनी जरा उशिराने उचललं.

त्यानंतर दर आठवड्याला माझी पानं तपासून झाली की ते विचारायचे, “मावशींची तब्येत कशी आहे?” पहिल्यांदा मला बरं वाटलं. दुसऱ्यांदा अंगावर काटा आला. तिसऱ्यांदा मी म्हणाले, “पाय सुजतात हल्ली. जिना चढताना दम लागतो.” आणि मी ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नव्हते. प्रगतीचा अहवाल द्यावा तसं म्हणाले होते. त्यांनी मान डोलावली.

मावशीला खरंच दम लागत होता. डॉक्टरांनी छातीच्या तपासण्या लिहून दिल्या, चोवीस तारखेला या म्हणाले, टाळू नका म्हणाले. चोवीसलाच माझा शेवटचा सेमिनार होता. मी दवाखान्यात फोन करून वेळ पुढे ढकलली. सेमिनार दीड वाजता संपणार होता. डॉक्टर पाचपर्यंत असतात. हे मला फोन करताना ठाऊक होतं, आणि तरी पलीकडच्या बाईंनी “मग एक तारीख चालेल?” असं विचारल्यावर मी म्हणाले, चालेल. एक तारीख म्हणजे तीसच्या नंतर. मी मनाशीसुद्धा तो विचार पुरा केला नाही. पण त्या दिवसापासून मावशी झोपली की मी दारात उभी राहून तिचा श्वास ऐकायला लागले, आणि मी कशासाठी ऐकतेय ते मला सांगता आलं नसतं. कान तयार आहेत माझे. श्रवणपरीक्षेत मला पैकीच्या पैकी होते.

खिडकीतल्या बाई सगळ्यांना एकच सल्ला देतात. “फॉर्म आधीच भरून आणा, ऐनवेळी माझ्या डोक्यावर बसू नका. सही, तारीख शेवटी टाकली तरी चालते.” मी शाळेच्या मधल्या सुट्टीत, टीचर्स रूममध्ये बसून बेचाळिसाव्या फॉर्मचा खालचा भाग भरला. मृत गायिकेचे नाव. मृताशी नाते: भाची. गाण्यावर अन्य कुणाचा हक्क नाही. मृत्यूची तारीख कोरी ठेवली. अक्षर सुवाच्य काढलं. नुसती सवय, असं स्वतःला समजावलं, सगळे फॉर्म भरते तसा हाही. मग तो दुमडून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

तीस तारखेला सकाळी मी ठरवून टाकलं होतं की पाचवं प्रकरण काढायचं आणि जे होईल ते होईल. खरंच ठरवलं होतं, पण यावर कुणी विश्वास का ठेवावा?

मी आंघोळ करून आले. मावशी टेबलाशी उभी होती. माझा डबा ती रोज आपल्या हाताने पिशवीत ठेवते. डबा टेबलावरच होता. फॉर्म तिच्या हातात होता.

“वाकडा दुमडलायस,” ती म्हणाली.

“मावशी, तो नुसता… त्या बाई आधीच भरायला सांगतात गं.”

“अक्षर छान आलंय.” तिने चष्मा वर सरकवला. “तारीख राहिली तेवढी.”

“दे इकडे. मी फाडते तो.”

“थांब.” ती खुर्चीवर बसली. बसायलाही तिला दम लागला. पेन तिने माझ्याच पिशवीतून घेतलं. “आज तीस ना?”

“असं काय करतेस!”

तिने तारीख टाकली. आकडे कापरे आले, म्हणून तीनवर एकदा पुन्हा गिरवलं. मग कागद नीट, कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला आणि माझ्यापुढे धरला.

“पाचला बंद होतं म्हणालीस. नीघ.”

मी तो फाडायला हवा होता. तिच्या पायाशी बसून रडायला हवं होतं. काय काय करायला हवं होतं त्याची यादी मी आता रोज करते. त्या वेळी मी एवढंच पाहिलं की फॉर्म पूर्ण भरला आहे. आत कुठेतरी सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटल्यासारखं होण्याची मला जितकी लाज वाटते तितकी बाकी कशाची वाटत नाही. मी तो घेतला. डबा टेबलावरच राहिला.

मंद्रसरांनी तारीख वाचली. “आजच?”

“हो, सकाळी.”

“आणि तुम्ही इथे आलात?”

“शेवटचा दिवस आहे, सर.”

ते उठले. सहा वर्षांत ते माझ्यासाठी कधी उठले नव्हते. टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात गरम होते. “अशी निष्ठा मी फार कमी पाहिली,” ते म्हणाले. त्या कापडी भिंतींत त्यांचा आवाज माझ्या डोक्यातच बोलल्यासारखा वाटला. त्यांनी सही केली. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म उलटसुलट पाहिला, चेहरा पाडून “वाईट झालं हो” म्हटलं आणि शिक्का मारला. मी “आभारी आहे” म्हणाले.

घरी पोचले तेव्हा सहा वाजत होते. मावशी सकाळच्याच खुर्चीवर होती. डबा तसाच, न उघडलेला. ओठ जरा निळसर दिसत होते आणि श्वास मला दारातूनच ऐकू आला, आखूड, मधेच अडखळणारा. हातातलं सगळं टाकून मी तिच्याजवळ धावले.

“मावशी, चल, आत्ताच दवाखान्यात जाऊ. उद्याची वाट नको बघायला. मी गाडी बोलावते. ऊठ गं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अनोळखी माणसाने दार ठोठावलं तर पाहतात, तसं.

“कुणाला न्यायचंय?” तिने विचारलं.

मी तिचा हात धरून ओढायला लागले. तिने दुसऱ्या हाताने टेबलाची कड घट्ट पकडली होती.